कोंडीबांचा डावा हात

सरका शेकोटीजवळ. आपल्या सिद्धूची गोष्ट सांगतो, त्याच्याच तोंडून ऐकलेली. इस्लामपुरात पोरांना बॉक्सिंग शिकवतो, तोच. आणि पप्पू, तू हसू नकोस. तुला रात्री गोठ्यात जायलाही सोबत लागते.

मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. नव्या हॉलच्या कपाटात कोंडीबांचे ग्लोज ठेवायचे होते, म्हणून सिद्धू मोटारसायकलवर त्यांच्या गावी, औंधकडं निघाला.

हे कोंडीबा तुम्हाला ठाऊक नसणार. आपल्याकडं फेटा बांधायचा तो पैलवानाला. सत्तर वर्षांपूर्वी हा माणूस पलटणीत बॉक्सिंग खेळला, भल्याभल्यांना लोळवलं, आणि गावी आल्यावर लोकांनी विचारलं काय, तर "कुस्ती का न्हाई खेळलास?" बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. माळावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहिले. मला तर अजून आपल्या लोकांची लाज वाटते.

सिद्धू त्यांना एकदाच भेटलेला. निघताना म्हातारा म्हणाला होता, "परत ये रं. एक ग्लोज माझा मी बांधतो. दुसऱ्याला माणूस लागतंय."

येतो म्हणाला, आणि गेलाच नाही. दिवाळीत कोंडीबा वारले, ते याला पंधरा दिवसांनी कळलं. तेव्हापासून ते त्याच्या मनाला लागून होतं.

पोचायला रात्रीचे पावणेदहा झाले. किल्ली शेजारच्या लीलाबाईंकडं होती.

"सकाळी जावा की," त्या म्हणाल्या.

"का वं मावशी?"

"आतनं आवाज येतोय. पोत्यावर बुक्क्या मारल्यागत."

सिद्धूनं कुलूप काढलं. वीज तोडलेली. मोबाइलच्या उजेडात खुंटीवर ग्लोज दिसला. एकच. डाव्या हाताचा. तो काढून घेतला आणि दुसरा शोधायला वाकला.

मागं खाट करकरली.

तो वळला. खाटेवर कुणीतरी बसलेलं. मान खाली. उजव्या हातात ग्लोज, नाडी बांधलेली. डावा हात उघडा... पुढं केलेला.

दार उघडंच होतं. पळता आलं असतं.

पण तो हात तसाच पुढं होता. किती दिवस असा पुढं धरला असेल...

सिद्धू खाली बसला. हात बर्फासारखा गार. त्यानं ग्लोज चढवला. नाडी ओवली. गाठ मारली.

"घट्ट झालं का, आबा?" त्यानं गाठ चाचपली.

"चुकलं माझं, आबा. उशीर केला."

मोबाइल विझला. पुन्हा लागला, तेव्हा खाट रिकामी होती. दोन्ही ग्लोज शेजारी शेजारी.

ते घेऊन सिद्धू पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. रात्रभर तिथंच बसून होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

उजाडल्यावर त्यानं दोन्ही नाड्या सोडल्या. उजव्या ग्लोजात हात घातला. गार.

मग डाव्यात घातला.

आत ऊब होती.