रॉकीसाठी निवडलेला डोंगर

हरेशचं अंतर्देशीय पत्र आलं तेव्हा मी रोह्याला राहत होतो आणि धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जात होतो. पंच्याण्णव सालचा जानेवारी. पत्रात चारच ओळी होत्या. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला तो आणि ऋतुजा नाशिकहून येणार, दोन्ही कुत्री बरोबर. रॉकी अकरा वर्षांचा झाला, मागच्या पायांतली ताकद गेली, पुढचा हिवाळा तो बघेल असं डॉक्टरांना वाटत नाही. 'त्याला शेवटचं एकदा डोंगरावर न्यायचंय. डोंगर तू निवड.'

हरेश माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याला मूलबाळ नव्हतं. वीस दिवसांचा रॉकी त्यानं घरी आणला होता आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवला होता. त्यामुळे ही निवड मी हलकी मानली नाही.

आधी अवचितगड मनात आला, पण ती चढण म्हाताऱ्या कुत्र्याला झेपली नसती. पेणजवळच्या सांकशीला तर खडकातल्या खोबण्यांत बोटं घालून चढावं लागतं. मला हवी होती सोपी वाट, थोडी सावली आणि वर पाणी. शेवटी कंपनीतल्या एकानं पाखाडीचा डोंगर सुचवला. पायथ्यापासून वरपर्यंत रुंद, बुटक्या दगडी पायऱ्या आणि माथ्यावर खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी एकटाच वाट बघून यायला गेलो. पायथ्याच्या वाडीत जनी नावाची एक म्हातारी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्याकडे पाणी प्यायलो.

"वर टाक्याला पाणी आहे ना, आजी?"

"हाय की. बारा म्हयने हाय. कोन येनार हाय?"

"माझे मित्र, नाशिकचे. नवराबायको आणि दोन कुत्री."

तिचे हात थांबले. "कुत्री नको नेव."

"का?"

"वर केरू हाय." शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं ती बोलली. "गुरं राखायचा. माज्या लग्नाच्या साली टाक्यात पडून मेला. त्याचा कुत्रा गळ्यातल्या दोरीसकट काठाव बसून बसून मेला. तवापासून केरू हाका मारतो. मानसाला ऐकू येत नाय, कुत्र्याला येतं. जो कुत्रा वर गेला, तो परत नाय आला."

"बिबट्या असेल, आजी."

"आसंल," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

वाडीतून बाहेर पडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भरदुपारी तिथलं प्रत्येक कुत्रं दाराशी बांधलेलं होतं. मी टाक्यापर्यंत जाऊन आलो, पाणी चाखून बघितलं, गोड होतं. हरेशला म्हातारीचं बोलणं सांगायचं नाही असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर, आपण निवडलेला डोंगर चुकीचा ठरावा असं मला वाटत नव्हतं.

सव्वीसच्या सकाळी आम्ही हरेशच्या मारुती व्हॅनमधून पायथ्याला पोचलो. ऊन कोवळं होतं. पहिल्याच पायरीशी चिंगी बसली. चिंगी म्हणजे ऋतुजानं रस्त्यावरून उचलून आणलेली लहानशी कुत्री. ऋतुजानं तिला ओढलं, चुचकारलं. ती जमिनीला पोट टेकून नुसती कण्हत राहिली.

"भावजी, तुम्ही दोघं व्हा पुढे," ऋतुजा म्हणाली. "हिला काहीतरी झालंय. मी थांबते गाडीपाशी."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पायऱ्यांकडे वळलो.

रॉकी मात्र चढू लागला. दहा पायऱ्या, मग विश्रांती. हरेशनं जुनी चादर त्याच्या पोटाखालून घेतली होती आणि मागचा भार तो स्वतः उचलत होता. "बघ रे राजा, कसली हवा आहे," असं काहीबाही बोलत होता. अर्ध्या वाटेवर एका आंब्याखाली आम्ही बसलो. दक्षिणेला धाटावच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. वारा नव्हताच.

मग पाखरं ओरडायची थांबली. एकदम नाही, एकेक करून, कुणी दिवे मालवत जावं तशी.

रॉकीनं मान उचलली. कान टवकारले. वर, पायऱ्या जिकडे वळतात तिकडे बघत त्यानं शेपूट हलवायला सुरुवात केली.

"प्रवीण... तू शीळ घातलीस?" रॉकीकडे बघत हरेशनं विचारलं.

"नाही."

रॉकी उठला. हरेशच्या हातातून चादर निसटली. ज्या कुत्र्याला धड उभं राहता येत नव्हतं, तो दोन वर्षांचा असल्यासारखा पायऱ्या ओलांडत धावत सुटला. एकदाही लंगडला नाही. हरेश क्षणभर हसला, मग त्याचा चेहरा उतरला. आम्ही दोघं धापा टाकत मागे धावलो.

माथ्यावर पहिल्यांदा वास आला. ओल्या घोंगडीचा आणि विडीचा. चार महिने पाऊस नव्हता, आणि माणूस तर कुठेच नव्हता. पिवळं गवत, काळा खडक आणि डोक्यावर आलेला सूर्य. टाक्याच्या काठावर रॉकी बसला होता. आमच्याकडे पाठ होती. मान वर करून तो शेजारी बघत होता, आपला माणूस शेजारी बसला की बघतो तसा.

"रॉकी!"

त्यानं वळून बघितलं. ओळखलं. आणि पुन्हा तोंड तिकडे फिरवलं.

मी जवळ गेलो तेव्हा मला ते दिसलं. त्याच्या दोन कानांमधले केस हळूहळू दबत होते. दबून मानेपर्यंत सपाट होत होते, मग पुन्हा उभे राहत होते. पुन्हा दबत होते. सावकाश... मायेनं.

हरेशनं एक पाऊल टाकलं आणि रॉकी गुरगुरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा, हरेशवर.

मग मी सांगितलं. जनीचं सगळं बोलणं, शब्दन् शब्द. हरेश चिडेल, मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यानं पायातले बूट काढले आणि तापलेल्या खडकावर मांडी घालून बसला. हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच होता.

"केरूदादा, मी हरेश. हा माझा रॉकी. एवढासा होता तेव्हापासूनचा." त्यानं ओंजळ करून दाखवली. "थोडेच दिवस राहिलेत त्याचे. तेवढे माझ्याकडे राहू दे त्याला... घरी नेऊ दे मला."

किती वेळ गेला सांगता येत नाही. केस दबलेलेच राहिले. टाक्याच्या पाण्यावर एक तरंग उठला नाही.

मग ते केस सुटले. रॉकीनं उठायचा प्रयत्न केला आणि त्याचे मागचे पाय लटलटले. तो पुन्हा म्हातारा झाला होता. फरफटत येऊन त्यानं हरेशच्या मांडीत तोंड खुपसलं.

हरेशनं त्याला उचलून खाली आणलं. पस्तीस किलोंचं कुत्रं, सगळ्या पायऱ्या, एकदाही न टेकता. मी मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाला. आम्ही मागे वळून बघितलं नाही. खाली जनी अंगणात उभी होती. रॉकीला बघून तिनं तोंडाला पदर लावला, आत गेली आणि दार ओढून घेतलं. गाडीत चिंगी रॉकीजवळ बसेना. नाशिकपर्यंत ती ऋतुजाच्या मांडीवर थरथरत होती, असं नंतर कळलं.

आठ दिवसांनी कंपनीच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. हरेश होता. आवाज खालचा, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलं आहे.

"प्रवीण, रविवारी रॉकीला आंघोळ घालताना गळ्याशी हाताला काहीतरी लागलं. केसांच्या आत. अंबाडीची वळलेली दोरी आहे. डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, कातडी तिच्यावर चढलीय, पाच-सहा वर्षं तरी ही इथंच असणार." त्याचा आवाज आणखी खाली गेला. "दर रविवारी मी त्याला माझ्या हातानं आंघोळ घालतो रे..."

"कापून टाक," मी म्हणालो.

"कापायलाच घेतली होती. मानेमागे वीतभर मोकळी सुटलीय. पण तिचं टोक... तुटलेलं नाही, कापलेलंही नाही. वर्षानुवर्षं कुणीतरी मुठीत धरल्यासारखं गुळगुळीत झालंय."

तिकडून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"आणि प्रवीण... ते टोक उबदार आहे."