एका माणसाचे बारा

रेंजभाऊंची त्या घरातली ही तिसरी खेप. घरोघरचं वायफाय दुरुस्त करत फिरणारा माणूस, म्हणून हे नाव पडलेलं. एका खेपेत काम उरकणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. त्यामुळे तिसऱ्यांदा बेल वाजवताना चेहरा पडला होता. लख्ख दुपार, साधं घर, मग भानगड आहे तरी काय!

दार ताईंनी उघडलं. "आज सोक्षमोक्ष लावाच हो, भाऊ. माझी रजा संपली, उद्या ऑफिस. बाबांच्या खोलीतला कॅमेरा असाच बंद पडत राहिला, तर बाबांना कुठेतरी ठेवावं लागेल मला..." गेल्या महिन्यात कॅमेरा बंद पडला असताना बाबा पलंगावरून पडले होते, आणि ताई ऑफिसातून येईपर्यंत दोन तास जमिनीवरच होते.

"रेंज आणल्याशिवाय हलत नाही आज," भाऊ म्हणाले.

पुढे हॉल, तिथे वायफायचा डबा. मग लांबट पॅसेज आणि टोकाला बाबांची खोली. भाऊंनी मोबाइलवर रेंजचा आकडा लावला. नव्वद. "आता गंमत बघा. डब्याच्या आणि माझ्या मधे उभ्या राहा." ताई उभ्या राहिल्या. अठ्ठ्याहत्तर.

"माणूस म्हणजे पाण्याचा पिंप. मधे आला की रेंज पितो. एका माणसाचे बारा, हे माझं माप."

ताई कितीतरी दिवसांनी हसल्या आणि चहा टाकायला गेल्या.

भाऊही हसले, पण मनात पाल चुकचुकत होती. सोमवारी पॅसेजच्या मधोमध असेच बारा कमी झाले होते. भिंत ठोकून पाहिली. पाइप नाही, लोखंड नाही. शेवटी डबा उंचावर लावून ते गेले. बुधवारी पॅसेजमध्ये नव्वद, पण बाबांच्या दारात बारा कमी. आज पॅसेजही ठीक, दारही ठीक. मोबाइल पुढे धरून ते खोलीत शिरले. मलमाचा कोंदट वास, पंख्याची टकटक. बाबा डोळे मिटून पडलेले, आणि पलंगापाशी एक रिकामी खुर्ची. भाऊ खुर्चीच्या पलीकडे गेले.

अठ्ठ्याहत्तर.

छ्या! त्यांनी मोबाइल झटकला. अलीकडे आले, नव्वद. पुन्हा पलीकडे, अठ्ठ्याहत्तर.

"खुर्ची हलवू नका..." बाबांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. "त्यांना उठवू नका."

"कोणाला, बाबा?"

"नाव सांगत नाहीत... सोमवारी पॅसेजमध्ये उभे होते. मग दारात. आज बसलेत..."

भाऊंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोला. पण ताईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. रेंज वाढवणारा दुसरा डबा लावायचा तर प्लग पॉइंट नेमका खुर्चीमागे. मनाचा हिय्या करून त्यांनी खुर्ची उचलली, पॅसेजमध्ये नेऊन ठेवली आणि नवा डबा लावला. खुर्ची हलकीच होती. तेवढ्यानेही त्यांना बरं वाटलं.

"आलं, आलं!" ताई स्वयंपाकघरातून मोबाइलवर बघत ओरडल्या. "चित्र एकदम स्वच्छ! जिंकलंत, भाऊ! आता उद्या नऊला मी निर्धास्त निघते."

राहिली शेवटची तपासणी. नवा डबा पलंगाच्या अलीकडे. भाऊ पलीकडे, खिडकीशी जाऊन उभे राहिले. मधे फक्त बाबा. एक माणूस, बारा. म्हणजे अठ्ठ्याहत्तर दिसायला हवे.

आकडा सहासष्ट होता.

बाबा पार खिडकीच्या कडेला सरकले होते. अर्धा पलंग मोकळा.

"जागा केली," ते पुटपुटले. "खुर्ची तुम्ही काढलीत ना..."

भाऊंनी पुन्हा आकडा पाहिला. सहासष्टच.

"बाबा, दिसताय हं मला!" ताई तिकडून लाडाने ओरडल्या. "हात हलवा बघू!"

बाबा हलले नाहीत. त्यांचे दोन्ही हात पोटावर होते, एकमेकांत घट्ट गुंफलेले.

"दिसला, दिसला हात!" ताई खळखळून हसल्या.