कोपऱ्याकडं वळणारा कॅमेरा

आठवड्यात तिसऱ्यांदा योगेश शिडी खांद्यावर घेऊन गोदामात आला, आणि पाणी विचारायच्या आधी शिवप्रसादशेठनं त्याला शिव्याच घातल्या.

"कसला कॅमेरा बसवला बे? दरवाजावर लाव म्हणलं, तर हा रोज सकाळी कोपऱ्याकडं तोंड करून बसतो!"

शेठचं हळदीचं गोदाम हिंगोलीबाहेर, कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला. २००६ सालचा मे महिना, भर दुपार. पत्रे तापलेले, हळदीच्या धुळीनं नाक चुरचुरत होतं. कामगार जेवायला लिंबाखाली गेले होते. योगेश बंजारा तांड्यावरचा, आयटीआय झालेला, हाताचा पक्का. मागच्या खेपेला त्यानं कॅमेऱ्याचे स्क्रू आवळून वर भेगा बुजवायची लांबी थापली होती. चढून पाहिलं तर लांबी वाळून दगड झालेली, तिला साधा तडासुद्धा नव्हता. कॅमेरा मात्र कोपऱ्याकडं वळलेला. त्याचं डोकंच सणकलं.

"तुझी काकीच फिरवून राहिली, झाडूनं," शेठ खालून ओरडला. "आज पुन्हा फिरला, तर दोघंबी बाहेर!"

त्याची काकी मिराबाई दाराशी उभी होती. हळद निवडून बोटं पिवळी पडलेली.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा रामसिंग याच गोदामात पोती वाहायचा. वाहून वाहून उजवा खांदा उतरला होता त्याचा. एक दिवस कामावर आला, तो घरी गेलाच नाही. शेठनं तांड्यावर निरोप धाडला, कुण्या बाईला घेऊन पळाला म्हणून. लोकांनी माना डोलावल्या. पळाला म्हणे! लेकीला खाऊ आणल्याशिवाय ज्यानं कधी बाजार केला नाही, तो पळाला! योगेशच्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

नवरा मेला की दंडातला पांढरा चुडा उतरवायचा, ही तांड्याची रीत. मिराबाईनं उतरवला नव्हता. मेला म्हणावं तर कशावरून, आणि जित्ता म्हणावं तरी कशावरून? पळालेल्याचा चुडा मिरवते म्हणून बाया तोंडावर हसायच्या. ती हसणं गिळून याच गोदामात कामाला आली.

"काकी, तू खोलीत टीव्हीपाशी बस. मी कॅमेरा हलवतो, काय दिसतं ते तू सांग."

योगेशनं लांबी खरवडली, स्क्रू सैल केला.

"दिसलं का?"

"उजवीकडं घे. आणखी. बास, दरवाजा आला."

त्यानं स्क्रू आवळायला घेतला.

"न्हाई रे, फिरला. कोपरा आला."

त्याच्या हाताखाली तर काहीच हललं नव्हतं. त्यानं पाहिलं. भिंग कोपऱ्याकडं होतं.

"योगेश, त्या माणसाला बाजूला व्हाय सांग."

"कोन्त्या माणसाला?"

"पोत्यांपाशी पाठमोरा उभाय, त्याला."

योगेशनं कोपऱ्याकडं मान वळवली. पोत्यांची थप्पी, आणि तिच्यापुढं सिमेंटचा कोबा. बाकी सगळी जमीन जुन्या फरशीची. तेवढाच तुकडा शेठनं चार वर्षांपूर्वी घाईनं करून घेतला होता. तिथं माणूस नव्हता.

"नाटकं लावली का?" शेठ तरातरा गेला आणि कोब्यावर उभा राहिला. "हे बघ! मी उभाय हितं! हाय का कुणी?"

आतून मिराबाईचा आवाज आला.

"तुमी दिसून राहिले, शेठ. तो तुमच्या मागं हाय."

शेठनं मागं पाहिलं नाही.

"उजवा खांदा उतरलाय त्याचा," मिराबाई म्हणाली.

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "बंद कर! वायर काढ आधी!"

योगेश शिडीवरून तसूभर हलला नाही. "काहून, शेठ? माणूस दिसावा म्हणूनच बसवला ना कॅमेरा?"

शेठ धावत भिंतीशी आला आणि दोन्ही हातांनी वायर हिसकून काढली. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला.

योगेश उतरून खोलीत गेला.

टीव्हीवर कोपरा तसाच दिसत होता. पोती, कोबा, आणि पाठमोरा माणूस.

मिराबाई दंडातल्या चुड्याची एकेक बांगडी काढून टीव्हीवर ठेवत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"पळाला न्हवता तो," ती दारात आलेल्या शेठकडं बघून म्हणाली. आवाज चढला नाही, पण शेठ तिथंच थिजला. "चार वर्सं लोकांचं ऐकलं म्या. तुमच्यापायी. तो हितंच व्हता."

तिसरी बांगडी टीव्हीवर टेकली. टक्.

पडद्यावरच्या माणसानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

त्या कॅमेऱ्याला आवाज ऐकू जायची सोयच नव्हती, आणि वायर अजून शेठच्या हातात लोंबत होती.