बधिर पावलावरचा गार हात

पटत नसेल तर वाचू नका, पण खोटं म्हणू नका. हे माझ्या आत्येबहिणीच्या, रुमेनाच्या बाबतीत घडलंय. बल्गेरियातलं डोंगराखालचं आमचं गाव, सतरा नोव्हेंबर, सकाळचे पावणेबारा. रुमेना तिथल्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. मरणाशीही हुज्जत घालेल अशी.

ऑपरेशनच्या टेबलावर चौऱ्याऐंशी वर्षांची त्सोना आजी होती. नवरा मिंचो जाऊन एकोणचाळीस दिवस झालेले. चाळीस दिवस माणूस घराभोवतीच असतो, असं आम्ही मानतो. चाळिसाव्या दिवशी गेलेल्याच्या नावाने वाटायचे गोड गहू शिजवायला मोठं पातेलं काढताना आजी स्टुलावरून पडली आणि खुबा मोडला.

रुमेनाने पाठीतून भूल दिली. पायावर बर्फ टेकवला.

"गार लागतंय, आजी?"

"काही नाही. पाय आहेत ना जागेवर?"

कमरेखाली सगळं बधिर.

मग आजीने जांभई दिली...

बीपी एकशे तीस. नव्वद. सत्तर.

पाठीतून भूल दिली की म्हाताऱ्यांचं बीपी असं उतरतं. रुमेनाने बीपी चढवणारं औषध दिलं. सलाईन बेतानंच सोडलं, एकदम जास्त झालं तर म्हाताऱ्या हृदयाला झेपत नाही.

अठ्ठावन्न.

"माझं उजवं पाऊल कोणी धरलंय गं?"

पायाशी कोणीच नव्हतं.

"हात बर्फासारखा गार आहे..."

त्या पायाला बर्फ कळला नव्हता!

"मिंचो, सोड!" आजी पुटपुटली. "मी आले तर उद्या तुझे गहू कोण शिजवणार? तुझी आई?"

पुन्हा औषध.

पन्नास.

"रुमेना, ही जातेय," सर्जन कालिन म्हणाला.

"माझ्या टेबलावरून? हिंमत आहे कोणाची!"

तिने पायाकडे पाहिलं. उजव्या पावलावरची चादर दबली होती... पाच बोटांएवढी.

रुमेनाने तिथेच हात घातला.

"सोडा, मिंचो आजोबा. तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही."

हात मनगटापर्यंत गारठला. तिने पाऊल सोडलं नाही.

चादर सैल झाली...

बासष्ट. अठ्ठ्याऐंशी. एकशे दहा.

"रुसून गेला," आजी म्हणाली. "जन्मभर हेच केलं मेल्याने."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आजी खाटेवरून शेजारणीला फोनवर झापत होती, गव्हात साखर कमी का घातली म्हणून.

औषधानेच बीपी चढलं, असं कालिन म्हणतो. असेल.

पण रुमेनाचा उजवा तळहात अजून बधिर आहे. त्यावर बर्फ ठेवा, कळत नाही.

फक्त कधीकधी, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला भूल दिली की, यंत्र वाजायच्या आधी तो तळहात गार पडतो...

मग ती मूठ आवळते आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणते, "इथून नाही!"

आत्तापर्यंत तरी न्यायला आलेल्यांनी ऐकलंय.