कंसातलं दार

मी काय काम करते ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे टायपिस्ट ना?" टायपिस्ट नव्हे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या शेजारी मी बसते आणि खोलीत जे जे ऐकू येतं ते त्याच क्षणी टाइप करते. माझा फोन त्यांच्या हातात असतो आणि कीबोर्ड माझ्या मांडीवर. तीन घड्यांचा, बिनतारी, पर्समध्ये मावणारा. उघडला की कोपऱ्यातला निळा दिवा दोनदा लुकलुकतो आणि फोनशी जुळतो. कळा इतक्या हलक्या की शेजारच्यालाही आवाज जात नाही. फोन माझ्यासमोर नसल्यामुळे मी काय उमटवलं ते मला दिसत नाही. मी बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत असते, आणि कानातलं बोटात उतरतं. मध्ये डोकं लागत नाही म्हटलं तरी चालेल.

नुसतं बोलणंच नाही. कोणी खोकलं, हसलं, बाहेर गाडी थांबली, की तेही चौकोनी कंसात टाकायचं. नेहमीच्या आवाजांसाठी मी फोनमध्ये दोन-दोन अक्षरांच्या खुणा भरून ठेवल्या होत्या. द आणि व दाबलं की [दार वाजतं] असं आपोआप पूर्ण व्हायचं. नियम एकच. ऐकलं ते सगळं लिहायचं, न ऐकलेलं एक अक्षरही नाही. एकोणीस वर्षांत हा नियम मी मोडला नव्हता, आणि हे मी जरा तोऱ्यातच सांगायची.

ते काम एका शीतगृहाच्या कचेरीत होतं. तीन दिवस, सकाळी अकरा ते दीड. गोठवणाऱ्या खोलीत एक कामगार रात्रभर कोंडला गेला होता आणि सकाळी मेलेला सापडला होता. त्या खोलीचं दार संध्याकाळी ज्यांनी लावलं त्यांची चौकशी होती. त्यांना सगळे मामा म्हणायचे. वय पंचावन्नच्या आसपास, हात रुंद, नखं कापून स्वच्छ केलेली. सातव्या वर्षी तापात कान गेले. वाचता येत होतं, बोलताही येत होतं, पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे सगळं एकाच पट्टीत, जरा मोठ्याने.

मेलेल्याला लंबू म्हणायचे. चौदा वर्षं दोघं एका पाळीत होते. मामांशी बोलता यावं म्हणून त्याने हाताच्या खुणा स्वतःच तयार केल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या चारचौघांत करण्यासारख्या नव्हत्या, असं मामांनीच मला सांगितलं. सांगताना हसले.

मुद्दा एका बिल्ल्याचा होता. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दाराबाहेरच्या खुंटीवर अडकवायचा. दार लावणाऱ्याने खुंट्या रिकाम्या आहेत ना ते बघायचं, मग दार लावायचं. आतून उघडायची मूठ कित्येक दिवस तुटलेली होती, म्हणून हा बिल्ला फार महत्त्वाचा. मामा म्हणत होते, खुंटी रिकामी होती. सुपरवायझर म्हणत होता, सकाळी लंबूचा बिल्ला त्याच खुंटीवर होता. सुपरवायझरचं खरं ठरलं तर मामांनी बघूनही दार लावलं असा अर्थ होत होता. नोकरी तर जाणारच, वर पोलीस.

पहिल्या दिवशी आत जाण्याआधी मामा मला म्हणाले, "बाई, नोकरीचं जाऊ दे. तो आतून दार वाजवत असणार. मी तिथेच बाहेर झाडत होतो. मला ऐकू आलं नाही ते आलं नाही. पण बिल्ला मला दिसला नाही का? एवढं मला कळलं पाहिजे."

चौकशीची खोली पहिल्या मजल्यावर होती. लांब टेबल, सहा खुर्च्या, एकच दार. दाराचा वरचा अर्धा भाग दुधी काचेचा, म्हणजे बाहेर कोणी उभं राहिलं की सावली दिसायची. बाहेर स्टुलावर शिपाई पेपर वाचत बसलेला. चौकशी अधिकारी बाई होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी छोटा रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सुपरवायझरची जबानी सुरू केली.

वीसेक मिनिटं झाली असतील. सुपरवायझर त्या दिवशीचा माल किती वाजता आला ते सांगत होता. मामा अचानक उठले, दारापाशी गेले आणि त्यांनी दार उघडलं. शिपायाने पेपरातून मान वर केली. मामा परत येऊन बसले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. मी ते टाइप केलं.

"दार वाजलं ना," मामा म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दहा मिनिटांनी मामा पुन्हा उठले. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मधल्या सुट्टीत मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि वर सरकवत गेले. सुपरवायझरच्या वाक्यांच्या मध्ये दोन ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं होतं. [दार वाजतं].

मला घाम फुटला. ते भुताखेताच्या भीतीने नव्हे. एकोणीस वर्षांचा तोरा एका सकाळी गळून पडला, त्याची लाज वाटली.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बोटांना कान फुटले की काय तुझ्या?" मला हसू आलं नाही. मी सरळ हिशेब मांडला. द आणि व या दोन कळा जवळ आहेत. बोट घसरलं असेल. मी फोनमधून ती खूण काढून टाकली. आता दार वाजलं तर पूर्ण शब्द टाइप करावे लागणार होते, कंसासकट. चुकून तेवढं होत नाही. कीबोर्डच्या कळा कापडाने पुसल्या, रात्री चार्जिंगला लावला, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वेळा आलं. शेवटच्या दोन वेळा [दार जोरात वाजतं].

मामा पाचही वेळा उठले. पहिल्या दिवशी ते दार उघडून नुसते बघायचे, आज बाहेर जाऊन जिन्यापर्यंत डोकावून यायचे. शिपाई म्हणाला, "कोणी फिरकलेलंसुद्धा नाही, मॅडम. मी इथून हललेलो नाही."

बाईंनी मामांच्या हातातल्या फोनवरच्या ओळी वाचल्या आणि रेकॉर्डर मागे नेऊन ऐकवला. सुपरवायझरचं बोलणं, मग तीन-चार सेकंद काही नाही, मग खुर्ची सरकण्याचा आणि मामांच्या पावलांचा आवाज. दार वाजलेलं कुठेच नव्हतं.

"तुम्ही ही गंमत करत असाल तर माणूस चुकीचा निवडलात," बाई मला म्हणाल्या. "ते आधीच अर्धे झालेत. उद्या एकदाही असं झालं तर तुम्हाला बाहेर काढीन. मग त्यांना जे कळेल ते कळेल."

मी बाहेर गेले असते तर मामांना त्या खोलीत फक्त हलणारे ओठ दिसले असते, आणि त्या ओठांनी त्यांच्या आयुष्याचा निकाल लावला असता. जिन्यात मी त्यांना थांबवलं आणि फोनवर लिहून दाखवलं, माझी चूक होतेय, माफ करा. त्यांनी वाचलं आणि मान हलवली.

"तुमची चूक नाही," ते त्यांच्या एकसुरी मोठ्या आवाजात म्हणाले. जिना घुमला. "माझ्यापर्यंत पोचायला त्याला दुसरा रस्ता नाही."

त्या संध्याकाळी मी दोन दिवसांची फाइल शांतपणे वाचली. प्रत्येक ओळीपुढे वेळ असते. दोन दिवसांत सहा जणांच्या जबान्या झाल्या होत्या. गाडीवाला, यंत्र बघणारा, हजेरीवाली बाई, सगळे बोलून गेले होते. दार वाजलं होतं ते फक्त सुपरवायझर बोलत असताना.

तिसऱ्या दिवशी मी बाईंची परवानगी घेऊन फोन टेबलावर उभा करून ठेवला, मामांना आणि मला दोघांनाही दिसेल असा. मला माझी बोटं नजरेखाली हवी होती. जबानी एकट्या सुपरवायझरची उरली होती. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, पण डोळे तांबारलेले. पहिल्या दिवशी तो पाण्याला शिवलाही नव्हता. आज दुसरा ग्लास चालू होता.

"पाच वाजता तुम्ही कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"पाच वाजता मी खाली गाडीपाशी गेलो. वर फक्त मामा होते."

मी टाइप केलं. वाक्य संपलं. माझी बोटं थांबली नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत कंस उमटला, द उमटला, काना, र. खोली शांत होती. दुधी काचेवर सावली नव्हती. मी ऐकत होते, काही ऐकू येत नव्हतं, आणि हात माझेच होते.

मी दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले.

पडद्यावर ओळ अर्धवट राहिली. पुढे काही आलं नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. पण ते उठले नाहीत.

बाई म्हणाल्या, "हं, पुढे बोला."

सुपरवायझर बोलेना. तो दाराकडे बघत होता. मी त्याच्याच तोंडाकडे बघत होते म्हणून मला दिसलं, त्याची पापणी ठरावीक वेळाने लवत होती. एक, दोन, तीन. थांबून पुन्हा एक, दोन, तीन.

"पुढे बोला," बाई पुन्हा म्हणाल्या.

"आधी ते दार उघडा ना कोणीतरी."

"दार कोणी वाजवलेलं नाही."

मला लिहायला हवं होतं. हे बोललेलं होतं, मी ऐकलेलं होतं. मी हात परत कळांवर ठेवले आणि दोघांचं बोलणं जसंच्या तसं टाइप केलं.

मामांनी ते वाचलं. ते टेबलावरून पुढे झुकले.

"तुला ऐकू येतंय?"

सुपरवायझरने त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला.

"तेव्हाही येत होतं."

मी टाइप केलं. बोटं गार पडली होती.

"मीच त्याला आत पाठवलं. दोन मिनिटांचं काम, म्हटलं बिल्ला अडकवत बसू नको. मी केबिनमध्ये होतो. गाडीपाशी नंतर गेलो. दार वाजायला लागलं. काचेतून मामा दिसत होते, त्या दारासमोरच झाडू झटकत होते. म्हटलं, मामा आहेत ना तिथे. मामा उघडतील." त्याने ग्लास धरला, पण उचलला नाही. "यांना ऐकू येत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं ओळखतो मी यांना. मी गाडीत बसून घरी गेलो."

"आणि बिल्ला?" बाईंनी विचारलं.

"त्याच्या खिशात होता. सकाळी सगळ्यांच्या आधी मी तो काढून खुंटीवर अडकवला."

मामा ओळीमागून ओळ वाचत होते. शेवटची त्यांनी अंगठ्याने सरकवून दोनदा वाचली. त्यांचा चेहरा आवळला आणि मग लहान मुलासारखा सुटला. रडण्याचा आवाजही त्यांना आवरता येत नव्हता. मी कंसात काही लिहिलं नाही. एकोणीस वर्षांत तो नियम मी त्या एका वेळी मुद्दाम मोडला.

बाईंनी रेकॉर्डर बंद केला. सुपरवायझरला खालच्या खोलीत बसायला सांगितलं, पोलीस येईपर्यंत. तो उठला, पण दाराजवळ जाईना. मामांनी डोळे पुसले, पुढे होऊन दार उघडलं आणि त्याच्यासाठी धरून ठेवलं.

सुपरवायझर भिंतीला घासत बाहेर पडला. स्टुलावरच्या शिपायाने त्याला जाऊ द्यायला पाय आत घेतले, आणि तो गेल्यावर पुन्हा पसरले.

मामा दार धरून उभेच होते.

शिपायाने पेपराचं पान उलटलं आणि मान वर न करता, पुन्हा एकदा पाय आत घेतले.