मागच्या उजव्या चाकाची टकटक

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मासळी बाजारातून घरी येताना मला ती टकटक पहिल्यांदा ऐकू आली. मागच्या उजव्या चाकाकडून. रस्ता सपाट असला की काही नाही. खड्डा आला की टक. जरा थांबून टक-टक. दार बंद असताना बाहेरच्या माणसाने आधी संकोचून आणि मग थोडं धीटपणे वाजवावं, तशी.

मी गाडी थांबवून माशांची पिशवी मागून पुढे घेतली. छत्री बाहेर काढली. जॅकला जुनं वर्तमानपत्र गुंडाळलं. आवाज होताच.

स्फाक्स शहरातल्या एका शाळेच्या वाचनालयात मी चौतीस वर्षं काढली. कुठल्या कपाटामागे कोण पान फाडतंय हे मला जागेवरून कळायचं. तेव्हा कानांवर माझा विश्वास असायला हवा होता. पण कुलूप लावल्यावर तीनदा परत जाऊन ते ओढून पाहणारा मी माणूस. चौथ्या दिवशी मला वाटू लागलं की आवाज गाडीत नसून माझ्यात आहे.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती लांबलचक, फ्रेंच बनावटीची, तीन ओळींची आहे. चालक धरून आठ माणसं बसतात. पूर्वी ती स्फाक्स ते गाबेस लुआज, म्हणजे माणशी भाडं घेणारी टॅक्सी, म्हणून धावायची. माणसं भरली की सुटायची आणि भरल्याशिवाय हलायची नाही. निवृत्त झाल्यावर मी ती घेतली, कारण माझी मुलगी मोनिया, जावई आणि चार नातवंडं मिळून सहा जण होतात, आणि दर शुक्रवारी कुसकुस खायला मी त्यांना घरी घेऊन येतो. सगळे बसले तरी शेवटच्या ओळीतली उजवी जागा रिकामी राहते. तिथली स्प्रिंग टोचते म्हणून मुलं तिथे बसत नाहीत. रेडिओ आधीच्या मालकाने काढून नेला होता. त्या भोकात मी चष्म्याचं घर ठेवतो. बाकी सहा दिवस गाडीत मी एकटा आणि माझी पुस्तकं.

गंमत अशी, की शुक्रवारी टकटक व्हायची नाही.

"बाबा, आम्ही सहा जण बसतो. बारा कान," मोनिया म्हणाली. "एकालाही काही ऐकू येत नाही."

"धाकट्याला विचार."

"धाकट्याला आई हाक मारते तेसुद्धा ऐकू येत नाही. बाबा, कानाच्या डॉक्टरकडे जाऊया का?"

मी नको म्हणालो. मग ऑगस्टमध्ये, मान वाकडी करून टकटक ऐकता ऐकता, मी निवडुंगाच्या फळांच्या हातगाडीला धडकलो. कुणाला लागलं नाही. पण दोनशे काटेरी फळं रस्त्यावर घरंगळली आणि विक्रेता व मी ती चिमट्याने वेचत असताना समोरून मोनियाच आली.

तिने आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं.

"या शुक्रवारी मी जेवायला येईन," ती हळू म्हणाली. "तोवर आवाज सापडला आणि गेला, तर ठीक. नाहीतर किल्ली मला द्यायची. तुम्हाला कुठे जायचं असेल तिथे आम्ही नेऊ."

समुद्रकाठ, जुन्या पुस्तकांचं दुकान, बायकोची कबर, या सगळ्या ठिकाणी मला कुणीतरी, सवडीने, नेणार होतं. त्या दिवशी सोमवार होता.

मंगळवारी मी लस्साद मिस्त्रीकडे गेलो. बंदराजवळ त्याचं गॅरेज आहे आणि समोर कॉफीचं दुकान. लस्साद आडदांड आहे. बोलतो कमी वेळा, पण बोलला की सगळी गल्ली ऐकते. मी त्याला आवाज कसा आहे ते सांगितलं आणि लगेच पुस्ती जोडली, की कदाचित आवाज नसेलही.

"काका, असेल तर काढू. नसेल तर तुमच्यासाठी नवा बसवून देऊ," तो म्हणाला आणि शेजारी बसला.

पहिल्या खड्ड्यात टक. मग टक-टक.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"आहे," लस्साद म्हणाला. "आणि भलताच फाजील आहे."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. अर्थात मी मारली नाही. पण संध्याकाळी मोनियाला फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मिस्त्री तर म्हणणारच की बाबा, आहे म्हणून."

लस्सादने गाडी वर घेतली. शॉकअप बदलला. बुश बदलले, जुनी रबरं दगडासारखी झाली होती. स्प्रिंग काढून धुतली, खालीवर तपासली, पुन्हा बसवली. प्रत्येक नट घट्ट केला. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये आडवी बोटं घालून मोजलं, ही त्याची रीत. डावीकडे पाच बोटं, उजवीकडे तीन.

"मागे उजवीकडे कोण बसतं नेहमी?"

"कुणीच नाही."

"मग गाडी का बसलीय तिकडे?" त्याने डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल करून लावली. पुन्हा मोजलं. पाच, तीन. तो बोटांकडे पाहत राहिला, जणू दोष बोटांचा होता. "उद्या या."

बुधवारी त्याने मिठाची पोती आणली. "रिकाम्या गाडीला वाजायची सवय असते काका. वजन टाकलं की गप्प बसते." शेवटची उजवी सोडून मागच्या प्रत्येक जागेवर दीड दीड पोतं ठेवलं. गाडी जमिनीला टेकायला आली. आम्ही निघालो. टक. टक-टक. समोरच्या दुकानातून हशा पिकला.

"लस्साद, मीठ कमी पडलं!" बुरावी मासेवाला ओरडला. "थोडं तिखट टाक!"

गुरुवार सकाळ उजाडली तेव्हा माझ्याकडे एक दिवस उरला होता आणि लस्सादकडे बदलायला काही उरलं नव्हतं. त्याने कॉफीच्या दुकानाकडे पाहून शिट्टी मारली.

"ए रिकामटेकड्यांनो! समुद्रापर्यंत फुकट फेरी. कोण कोण येतंय?"

पत्ते खेळणारे तिघे उठले. लस्साद पुढे बसला. चार जण, आणि टकटक चालूच. बुरावी मासेवाला धावत आला, मधल्या ओळीत कोंबला गेला. पाच जण, तरी टकटक चालूच. कोपऱ्यात हाज तिजानी एकटाच चहा पीत बसला होता. हा बावीस वर्षं लुआज चालवलेला माणूस, आता ऐंशीचा, आणि कुणाच्याही गाडीत बसला की ब्रेकवर पाय असल्यासारखा पाय दाबतो.

"या हो हाजी," लस्साद म्हणाला. "तुमचीच तर गाडी होती ही."

हे मला ठाऊक नव्हतं. हाजने गाडीकडे जरा वेळ पाहिलं. मग धोतराएवढा रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि शेवटच्या ओळीत, डावीकडे जाऊन बसला. त्याच्या शेजारी एक पत्तेवाला. उजवी जागा रिकामी.

मी गाडी सुरू केली. पहिला खड्डा. दुसरा. रेल्वेचे रूळ.

काही नाही.

सगळ्यांनी श्वास रोखला होता. समुद्राशी पोचेपर्यंत एकही टक नाही. बुरावीने टाळ्या वाजवल्या. परत आलो, सगळे उतरले, मी एकटा गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. टक. टक-टक.

"म्हणजे सहा लागतात," लस्साद डोकं खाजवत म्हणाला. "पोती नाही चालत. माणसंच लागतात, आणि सहाच. हे कुठल्या पुस्तकात आहे काका?"

"कुठल्याच नाही," मी म्हणालो.

हाज तिजानी अजून गाडीपाशीच उभा होता. "सहा नव्हे," तो म्हणाला. "सात. लुआज सातावर सुटते."

"सातवा कुठाय हाजी?"

हाजने आधी चहा मागवला. मग सांगितलं, आणि तेही असं, की जणू दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतोय. "एकदा असाच ऑगस्ट होता. सहा जण भरले होते. सातवा आला, त्याने मागच्या उजव्या जागेवर रुमाल टाकला. म्हणाला, वाटेत खायला पाव घेऊन येतो, थांबा. गुणगुणत गेला. रुमाल टाकला म्हणजे जागा त्याची. हा आमचा कायदा. पण उकडत होतं, माणसं कटकट करायला लागली. मी निघालो. सातवी जागा रिकामी ठेवून. बावीस वर्षांत एकदाच."

"मग?"

"मग काय? गेला असेल दुसऱ्या गाडीने." त्याने पेला खाली ठेवला. "रुमाल मात्र न्यायला आला नाही कधी."

लस्सादने हात पुसले.

"हे बघा. नवे बुश बसायला लांबचा पल्ला लागतो, आणि गाडी भरलेली लागते. हे मी मिस्त्री म्हणून सांगतोय, दुसरं काही नाही. गाबेसला जाऊन येऊ. दीडशे किलोमीटर, दुपारी मासे तिकडे खाऊ."

"मासे माझ्या दुकानातले सोडून?" बुरावी म्हणाला. पण सगळ्यात आधी तोच आत बसला, आणि येताना त्याने डफ आणला.

मी आयुष्यात इतक्या गोंगाटात गाडी चालवली नव्हती. ऑलिव्हच्या बागा दोन्हीकडून सरळ रांगांत मागे पळत होत्या. दृष्ट लागू नये म्हणून आरशाला टांगलेली माशाची वाळकी शेपटी डुलत होती. बुरावी डफ वाजवत होता, पत्तेवाले लग्नातली गाणी म्हणत होते, लस्साद त्यात चुकीच्या ठिकाणी ओरडत होता. मीसुद्धा एक कडवं म्हणालो. हळूच, पण म्हणालो.

"मागे कुणाचा आवाज एवढा गोड?" लस्सादने मान वळवून विचारलं.

"माझा!" बुरावी मधल्या ओळीतून म्हणाला.

"तुझा गाढवाने ऐकला तर ते गाणं सोडेल. तुझ्या मागचा."

मागच्या पत्तेवाल्याने हाजकडे बोट दाखवलं. हाज खिडकीबाहेर पाहत होता, ओठ घट्ट मिटून.

वाटेत महरेस गावाच्या पुढे पोलीस चौकी आहे. शिपाई वाकला, त्याने बोटाने ओळीने मोजलं. "आठ. भरलेली आहे. जा." मी गाडी पुढे काढली. आम्ही चालक धरून सात होतो. उन्हात काचेवर चमक येते. मी स्वतःलाच असं सांगितलं आणि पुढचं कडवं चुकलो.

गाबेसला आधी लुआज अड्ड्यावर जाऊ, असं हाज म्हणाला. सवय म्हणून. तिथे सगळे उतरले, पाय मोकळे करू लागले. हाज मात्र गाडीच्या उजव्या दाराशी थांबला. त्याने मधली सीट पुढे पाडली, मागच्या माणसाला उतरायला वाट करून देतात तशी. दार धरून उभा राहिला. एक हात जरासा पुढे केला. म्हातारा माणूस उतरताना आधाराला करतात, तसा.

बराच वेळ तो तसाच उभा होता. मग त्याने खिशातून तो मोठा रुमाल काढला, हातात धरला, आणि मी पुन्हा पाहिलं तेव्हा त्याचा हात रिकामा होता. मी वर पाहिलं तेव्हा तो दार लावत होता.

"झालं," तो म्हणाला. "भूक लागली."

लस्सादने वाकून बोटं घातली. डावीकडे पाच. उजवीकडे त्याने दोनदा मोजलं. पाच.

मला एकट्याला गाडीत बसवून त्याने अड्ड्याला फेरी मारायला लावली. तिथला रस्ता म्हणजे नुसते खड्डेच. मी तीन फेऱ्या मारल्या. आवाज नाही. चौथी फेरी मी उगाचच मारली, आनंदाने. सहा जण अड्ड्याच्या मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि गाबेसचे चालक आमच्याकडे वेड्यांकडे पाहावं तसे पाहत होते.

"बुश बसले," लस्साद म्हणाला. त्यावर कुणी वाद घातला नाही. आम्ही भरपूर मासे खाल्ले. बुरावीनेही खाल्ले, आणि प्रत्येक घासाला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सकाळी एकटाच शहरभर हिंडलो. बाजार, पुस्तकांचं दुकान, कबरस्तान. बायकोला सगळं सांगितलं. गाडी मांजरासारखी चालत होती. दुपारी मोनियाकडे गेलो, तिच्या हातात काहीही न देता किल्ली बोटावर फिरवली. असं मी आजवर कधी केलं नव्हतं.

"गेला आवाज?" तिने हसून विचारलं.

"गेला."

"मग राहू द्या किल्ली. पण हातगाड्यांकडे बघत चला, बाबा."

ते सहा जण बसले. शेवटची उजवी जागा रिकामीच राहिली. आम्ही निघालो. मोनिया शेजारी बसून जाईचा गजरा हुंगत होती. शाळेचा चौक गेला, रेल्वेचे रूळ गेले. तिने एकदा मागे वळून पाहिलं, मग पुढे. थोड्या वेळाने पुन्हा.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काही नाही. सुनं सुनं वाटतंय." तिने कान दिला. "बाबा, रेडिओ बंद पडला का? ते एक गाणं लागायचं ना दर शुक्रवारी मागे, हळू आवाजात. कुणीतरी नुसतं गुणगुणल्यासारखं. मुलं त्यानेच तर गप्प बसायची."

मी ते गाणं कधीच ऐकलं नव्हतं. एकदाही नाही. माझ्या कानांबद्दल तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं तर.

"हो," मी म्हणालो. "बंद पडला." आणि समोरच्या भोकातलं चष्म्याचं घर तिला दिसू नये म्हणून मी हात तिथेच ठेवला.