तोंडचा घास

पटलं नाही तर सोडून द्या. पण मी तिथेच बसले होते, आणि गेलेली बाई माझी सख्खी आई होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. तैवानातल्या ताइनानमधलं आमचं घर. आईचा सातवा दिवस.

भर दुपार होती.

अर्धांगवायूनंतर आईच्या नाकात नळी होती. तोंडाने घास नाही. चालत होता तो एक हात, आणि त्या हातात मोबाइलवरचा शेतीचा खेळ. फुकटचा, साधा. पेरायचं, पाणी घालायचं, पिकलं की तोडायचं. जे खावंसं वाटे, ते आई तिथे लावायची.

पण त्या खेळात दुसऱ्याचं पिकलेलं चोरता येतं.

माझी भावजय युन-जू मासळीच्या सूपची गाडी चालवते. गिऱ्हाइकं नसली की ती नेमकी आईच्याच शेतात शिरायची. वर खाटेपाशी येऊन हसायची, "आई, तुमचा कोबी गेला हो!"

आई रडायची. एकदा अडखळत म्हणाली, "तोंडचा घास पळवतेस... बघून घेईन तुला."

"बघा की! आधी शेताला पाणी तर घाला."

अस्सा संताप यायचा मला तिचा.

सातव्या दिवशी फोटोपुढे आईच्या आवडीचं ताट मांडलं होतं. आम्ही दोघीच घरात, तिच्यासाठी जाळायचं कागदी सोनं दुमडत होतो. युन-जूने सवयीने मोबाइल उघडला आणि थबकली.

"ताई, आईंच्या शेतात तुम्ही काही लावलंत?"

आईचा फोन माझ्या कपाटात बंद पडून होता.

शेत मात्र कलिंगडांनी भरलेलं... पिकलेल्या.

"आता राखणीला कोण आहे?" ती हसली. सगळी तोडली.

तेवढ्यात फोटोपाशी कुणीतरी मिटकी मारली...

आम्ही दोघींनी ऐकली.

नंतर ते ताट वाटून खाल्लं. "अगदीच अळणी केलंत, ताई," युन-जू म्हणाली. मला तर चव लागत होती. आमच्याकडे म्हणतात, गेलेलं माणूस जेवून गेलं की अन्नात चव उरत नाही.

त्या दिवसापासून युन-जूला कशाचीच चव लागेना. धंदा सगळा जिभेवरचा. सूप खारट व्हायचं, गिऱ्हाइकं थुंकून उठायची. आणि प्रत्येक घासाआधी तिच्या कानाशी ती मिटकी...

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, आई, जेव पोटभर.

गाडी बंद पडायची वेळ आली, तेव्हा भावाने तिला आईच्या फोटोपुढे बसवलं. कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकून विचारलं, "आई, माफ केलंस का हिला?"

दोन्ही पालथे. म्हणजे नाही.

पुन्हा टाकले. पुन्हा पालथे.

युन-जूने जमिनीवर डोकं टेकलं. "आई, माझं काय हवं ते घ्या! पण सोडा मला!"

भावाने तुकडे टाकले...

कौल मिळाला.

त्याच संध्याकाळी तिची चव परत आली. वाटीभर सूप पिऊन ती ढसाढसा रडली. भाऊ तर पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगत सुटला.

काल तिची पोर माझ्याकडे जेवायला होती. पाच वर्षांची आहे. दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली.

"आत्या, याला चवच नाही."

"खा गं, लबाड!"

तिने मान वळवून मागे पाहिलं. तिथे भिंत होती.

"आत्या... माझ्या आधी कोण जेवतंय?"

युन-जूला मी अजून सांगितलेलं नाही.